गोदातीरावरील पक्षिनिरीक्षण : आदिलाबादच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

१

पक्षिनिरीक्षणाची सहल म्हटली म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम समुद्रकिनारा उभा राहतो. ओहोटी लागली की शिवडीच्या चिखलावर उतरणारे रोहित पक्षी, ठाण्याच्या खाडीतील त्यांचे गुलाबी थवे, अलिबागेकडील पुळणींवर लाटेच्या मागेपुढे धावणारे चिमुकले चिखले, हे सारे पाहण्यासाठी मुंबईकर तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ काढतो, सकाळी निघतो आणि दिवेलागणीला घरी परततो. या छंदाला मुंबईत मोठी परंपरा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ साली त्याच शहरात झाली. ठाण्याची खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिची गणना झाली. या सर्वामुळे पक्षी पाहणे हा समुद्रकाठचा आणि त्यातही शहरातील सुशिक्षितांचा व्यवसाय आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. या समजाची तपासणी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात करावी, असा आमचा विचार आहे.

येथे आदिलाबाद जिल्हा म्हणजे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे होण्यापूर्वीचा प्रदेश आम्हांस अभिप्रेत आहे. या प्रदेशास समुद्र नाही. परंतु काठ आहे. उत्तरेस पैनगंगा, ईशान्येस वर्धा, पूर्वेस प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी अशा नद्यांनी तो वेढलेला आहे, आणि या साऱ्या नद्यांचे पाणी अखेर गोदावरीच्या मुखातून बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्राच्या चिखलात चोच खुपसणारे तुतवार आणि टिलवा हे हिवाळी पाहुणे नदीच्या ओल्या वाळूवरही उतरतात. पाण्याचा काठ हीच पक्ष्यांची खरी वसाहत होय. ते पाणी खारे असो वा गोडे.

या काठावर पक्षी पाहिले गेले नाहीत, असे कोणीही म्हणू शकणार नाही. कवींनी ते पाहिले, लोकांनी पाहिले, परदेशी शास्त्रज्ञांनीही पाहिले. प्रश्न आहे तो पाहिलेले लिहून ठेवण्याचा. कोणी, केव्हा, कोठे आणि काय पाहिले याची नोंद राहिली नाही तर पाहणे इतिहासात जमा होत नाही. आदिलाबादच्या बाबतीत हे तीन प्रकारचे पाहणे कसकसे घडले आणि त्यात मराठीचा वाटा किती राहिला, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

२

प्रथम कवींचे पाहणे घेऊ. हाल सातवाहनाच्या नावाशी निगडित असलेली गाथासप्तशती ही माहाराष्ट्री प्राकृतातील रचना मराठीच्या पूर्वजांची वाङ्मयीन मिरासच होय. गोदावरी तीत 'गोला' या नावाने वारंवार येते. तीमधील एका विख्यात गाथेत कमळाच्या पानावर हालचाल न करता बसलेल्या बलाकेकडे, म्हणजे बगळ्याच्या जातीच्या पक्षिणीकडे, नायिका आपल्या प्रियकराचे लक्ष वेधते. अकराव्या शतकातील काश्मीरी आलंकारिक मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त हीच गाथा उदाहरणादाखल घेतली आणि तिच्यातील व्यंग्यार्थ उलगडून दाखविला. पक्षी निश्चल आहे, त्याअर्थी तो निर्भय आहे. तो निर्भय आहे, त्याअर्थी जवळपास मनुष्य नाही. म्हणून हे स्थळ भेटीस योग्य आहे, असा तो क्रम आहे.

साहित्यशास्त्राच्या अध्यापकांनी हा उतारा अनेकदा शिकविला असेल. परंतु तो पक्षिनिरीक्षणाचाही धडा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. पक्ष्याच्या वर्तनावरून परिसराच्या स्थितीचे अनुमान करणे हेच आजच्या निरीक्षकाचे मुख्य साधन आहे. टिटवी ओरडू लागली की तिच्या घरट्याजवळ काही आले आहे, किंवा वानरे आणि मोर एकदम कल्लोळ करू लागले की वाघ-बिबट्या हिंडत आहे, असे रानातला वाटाड्या ज्या न्यायाने ओळखतो, तोच न्याय त्या गाथेत आहे. ज्या कवीने ती रचली त्याने पक्षी प्रत्यक्ष पाहिला होता, याविषयी आम्हांस शंका नाही.

चक्रवाकाची गोष्टही अशीच. दिवसा जोडीने वाळूवर बसणारे आणि रात्री शापामुळे दुरावणारे हे पक्षी संस्कृत काव्यात विरहाचे प्रतीक बनले. हा पक्षी हिवाळ्यात दख्खनच्या नद्यांवर येतो आणि उन्हाळा लागताच लडाख व मध्य आशियाकडील आपल्या विणीच्या प्रदेशात परततो. तो बहुधा जोडीने राहतो, रात्री चरतो, आणि त्याची साद अंधारात दूरवर ऐकू येते. काळोखात नदीच्या काठावर ती साद-पडसाद ऐकणाऱ्या माणसास दोन जीव एकमेकांस हाका मारीत आहेत असे वाटले, तर त्यात नवल ते काय? शापाची कल्पना कवीची; परंतु तिच्या मुळाशी असलेला अनुभव खरा आहे.

हंसाच्या बाबतीत कवींचे निरीक्षण तर अधिकच अचूक ठरते. आदिलाबादच्या दक्षिण सीमेवर गोदाकाठी बासर येथे ज्ञानसरस्वतीचे मंदिर आहे. नांदेडकडील असंख्य मराठी कुटुंबे मुलांच्या विद्यारंभासाठी तेथे जातात आणि बहुधा त्याच दिवशी परत येतात. सरस्वतीचे वाहन हंस. पाश्चात्त्य चित्रांतील पांढरा, लांब मानेचा हंस दख्खनमध्ये नियमाने येत नाही. येथे येतो तो पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी रानहंस. वर्षाकाळ जवळ आला की हंस मानसाकडे जातात, असे कवी सांगतात. पट्टकदंब खरोखरच हिमालय ओलांडून तिबेट व लडाखमधील उंचावरच्या सरोवरांकडे विणीसाठी जातो. म्हणजे स्थलांतराचे सत्य या देशातील कवींस शास्त्रज्ञांच्या कित्येक शतके आधी अवगत होते.

मग उणे कोठे पडले? पुढील काळात या निरीक्षणांचे कविसमय झाले. एकदा चक्रवाक म्हणजे विरह आणि हंस म्हणजे नीरक्षीरविवेक हे ठरून गेल्यावर पक्षी प्रत्यक्ष पाहण्याची गरजच उरली नाही. नदीकाठास कधीही न गेलेला कवीदेखील चक्रवाकांवर श्लोक रचू लागला. पाहण्यातून निर्माण झालेल्या शब्दाने अखेर पाहण्याचीच जागा घेतली.

३

दुसरे पाहणे लोकांचे. त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण दसऱ्याचे आहे. तेलंगणात दसऱ्याच्या दिवशी लोक गावाबाहेर शमीच्या झाडाकडे जातात आणि वाटेत पालपिट्ट पक्ष्याचे दर्शन झाले तर ते शुभ मानतात. पालपिट्ट म्हणजे आपला नीलपंख किंवा चास. संस्कृत वाङ्मयात तो चाष या नावाने येतो. बसलेला असताना तो मळकट तपकिरी दिसतो; उडाला म्हणजे पंखांतील निळाई एकदम उजळते. २०१४ साली तेलंगण राज्य स्थापन झाल्यावर याच पक्ष्यास राज्यपक्षी म्हणून मान्यता मिळाली. मराठी समाजातही दसरा हा सीमोल्लंघनाचा दिवस. गावाची शीव ओलांडून जावयाचे आणि एक विशिष्ट पक्षी शोधावयाचा, ही वर्षातून एक दिवस साऱ्या गावाने केलेली पक्षिनिरीक्षणाची सहलच नव्हे काय?

या चालीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गावाजवळची माळराने कमी झाली, पक्षी सहज दिसेनासा झाला, आणि तेव्हापासून काही ठिकाणी तो पकडून, पंख बांधून, पिंजऱ्यातून दारोदार दाखविण्याचा धंदा सुरू झाला. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो निषिद्ध आहे. ज्याच्या दर्शनासाठी माणसाने सीमा ओलांडावयाची, तोच पक्षी दोरीने बांधून उंबरठ्यावर आणला जातो, तेव्हा विधी शिल्लक राहतो आणि त्यातील पाहणे नाहीसे होते. कविसमयाचे जे झाले तेच येथे रूढीचे झाले.

आदिलाबादचे राजगोंड मात्र आपल्या परंपरेत पक्ष्याला अद्याप जवळ ठेवून आहेत. दिवाळीपूर्वीच्या दिवसांत गावोगाव दंडारी निघते. तीत गुस्साडी नर्तक अंगास राख फासून, मस्तकी मोरपिसांचा भव्य टोप धारण करून नाचतात. पावसाळ्यातील प्रणयकाळ संपला की मोराचा पिसारा गळू लागतो, आणि त्यानंतरच दंडारीचे दिवस येतात, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मार्लवाई गावचे गुस्साडी नर्तक कनकराजू यांस २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. याच मार्लवाईत राहून क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला आणि १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या गोंडांपैकी अनेकांस मातृभाषेखालोखाल मराठी अवगत होती. ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कारण त्यांच्याकडील निसर्गज्ञान मराठीत उतरवून घेण्यास भाषेचा अडसर नव्हता.

लोकपरंपरेतील एका नावाचाही उल्लेख करावासा वाटतो. कडम नदीवरील कुंटाला धबधब्याचे नाव शकुंतलेवरून पडले, असे स्थानिक लोक सांगतात. महाभारतातील कथेनुसार मालिनी नदीच्या काठी टाकून दिलेल्या अर्भकाचे शकुंतांनी, म्हणजे पक्ष्यांनी, रक्षण केले म्हणून कण्वांनी तिचे नाव शकुंतला ठेवले. तेलुगूत 'कुंट' म्हणजे तळे किंवा डोह. त्यामुळे धबधब्याचे नाव डोहावरून पडले असणे भाषाशास्त्राच्या दृष्टीने अधिक संभवनीय आहे. तथापि लोकांनी एका डोहाच्या नावात पक्ष्यांनी सांभाळलेल्या मुलीची आठवण पाहिली, हेही त्यांच्या मनोवृत्तीचे गमकच आहे.

४

तिसरे पाहणे शास्त्राचे. त्याची कथा एका पक्ष्याभोवती सांगणे सोयीचे होईल.

टॉमस जेर्डन हा मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक. १८३७ नंतर त्याची नेमणूक घोडदळाच्या पलटणीत झाली आणि तो काही वर्षे दख्खनमध्ये, जालन्याच्या छावणीतही राहिला. १८३९ पासून त्याने द्वीपकल्पातील पक्ष्यांची सूची मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १८६२ ते १८६४ या काळात भारतीय पक्ष्यांवरील त्याचा त्रिखंडात्मक ग्रंथ निघाला. त्याने शोधलेल्या एका दुर्मीळ धाविक पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८४८ साली झाले. लांब पायांचा, जमिनीवर धावणारा, छातीवर दोन पट्टे असलेला हा पक्षी आज जेर्डनचा धाविक म्हणून ओळखला जातो.

यानंतर या पक्ष्याचा जो थोडाबहुत पुरावा मिळाला, त्यात गोदावरीच्या खोऱ्याचा भाग मोठा आहे. विल्यम ब्लॅनफर्ड हा भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील अधिकारी १८७० च्या आसपासच्या काळात या खोऱ्यातील भूस्तर तपासीत हिंडत होता. सिरोंचाजवळ आणि पुढे भद्राचलमकडे त्यास हा पक्षी आढळला. सिरोंचा प्राणहितेच्या पूर्वतीरावर आहे, पश्चिमतीर आदिलाबादचा. दगड पाहण्यास आलेल्या माणसाने पक्ष्याची नोंद केली आणि ती राहिली. पुढे १९०० साली अनंतपूरकडील एक नोंद झाली, आणि त्यानंतर सर्व शांत झाले. अनेक शोधमोहिमा निघाल्या व रिकाम्या हाताने परतल्या. पक्षी नामशेष झाला असेच विद्वानांनी धरून ठेवले.

जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील रेड्डीपल्ली गावानजीक तो पुन्हा सापडला. त्यावेळी दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली, हा पक्षी रात्री हिंडणारा आहे. त्यास दिवसा शोधणाऱ्यांच्या हाती तो लागणे कठीणच होते. दुसरी, आमच्या मते, अधिक बोधप्रद आहे. त्या भागातील लोकांस हा पक्षी ठाऊक होता आणि त्यांच्या भाषेत त्याला नाव होते : कलिवि कोडी. कलिवि म्हणजे करवंदीच्या कुळातील काटेरी झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीच्या जाळीतील कोंबडी, एवढ्या दोन शब्दांत त्या पक्ष्याचे राहण्याचे ठिकाण सांगून ठेवलेले होते. शास्त्र ज्याला शहाऐंशी वर्षे शोधीत होते, त्याचा पत्ता एका खेडवळ नावात लिहिलेला होता. संशोधकाने रानातील माणसास विश्वासात घेतले, तेव्हाच तो हाती आला.

सिरोंचाच्या बाजूस मात्र हा पक्षी पुन्हा आढळल्याचे प्रसिद्ध नाही. प्राणहितेच्या दोन्ही तीरांवर गोंडी, तेलुगू आणि मराठी बोलणारी माणसे पिढ्यान्पिढ्या राहत आली. त्यांच्यापैकी कोणी या पक्ष्यास काय म्हणत होते, हे त्या काळीच कोणी विचारून लिहून ठेवले असते, तर या प्रकरणाचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता.

५

शास्त्रीय निरीक्षणाचा पुढचा टप्पा आपणांस पुन्हा समुद्रकाठी नेतो. सालिम अली यांनी १९२९-३० मध्ये बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांस नोकरी नव्हती. अलिबागजवळील किहीम येथे समुद्रकाठच्या एका घरात ते काही काळ राहिले आणि १९३० च्या पावसाळ्यात तेथील झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी दिवसचे दिवस बसून न्याहाळली. या निरीक्षणावरील त्यांचा निबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. सुगरणीचे घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की मादी येऊन ते तपासते. तिने पसंत केले तर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे बांधावयास घेतो, असे त्यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकास येथे बहिणाबाई चौधरी यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सुगरणीच्या खोप्यावरील त्यांची रचना मराठी घराघरांत पोहोचली. तीत कौतुक आहे ते मादीच्या कारागिरीचे. भाषेने पक्ष्याला सुगरण हे स्त्रीलिंगी नाव दिले. मग घर बांधणारी ती स्त्रीच, असे लोकमानसाने गृहीत धरले. त्या रचनेचे काव्यगुण यामुळे रतिभरही उणावत नाहीत. आईच्या कष्टांविषयीचे तिचे सत्य निराळे आहे. परंतु एका शब्दाने पाहण्याची दिशा कशी ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय. वर्गात हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून शिकविले, तर काव्याचाही लाभ होईल आणि शास्त्राचाही.

किहीमनंतर सालिम अली हैदराबाद संस्थानात आले. निजाम सरकारच्या साहाय्याने १९३१-३२ मध्ये त्यांनी संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली. त्यांच्या पत्नी तहमीना या मुक्कामांत त्यांच्याबरोबर असत. पाहणीचा वृत्तान्त १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला आणि ह्यू व्हिस्लर यांनी त्यास टिपणे जोडली. तेव्हा संस्थानात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा काही भाग एकत्र नांदत होते. आदिलाबाद त्यातच होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीने टिपून त्यांची कातडी संग्रहालयासाठी तयार केली जात. आजच्या संवेदनेस ते रुचणार नाही. परंतु प्रत्येक नमुन्यास दिनांक आणि स्थळ यांची चिठ्ठी बांधलेली असे. त्या चिठ्ठ्यांमुळेच संस्थानातील पक्षिजीवन तेव्हा कसे होते, याचे मापदंड आज आपणांजवळ आहेत.

मात्र ही सर्व नोंद इंग्रजीत झाली. ज्या प्रदेशातील पक्षी त्यात आहेत, त्या प्रदेशाच्या भाषांत ती आली नाही. मराठीपुरते बोलावयाचे तर ही उणीव पुढे एका माणसाने बहुतांशी भरून काढण्याचा प्रयत्न केला. वनाधिकारी म्हणून विदर्भाच्या अरण्यांत आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आदिवासी आणि रानातील लोकांकडून शब्द गोळा केले आणि 'पक्षिकोशा'सारखे संदर्भग्रंथ सिद्ध केले. २००६ साली सोलापूर येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले, तेव्हा पक्ष्यांची नावे जमविणे हेही साहित्याचेच कार्य आहे, यावर मराठी समाजाने जणू शिक्कामोर्तब केले. २०२५ साली ते निवर्तले. पैनगंगेच्या दक्षिणेस त्यांच्यासारखे काम अद्याप व्हावयाचे आहे.

६

पैनगंगेचा उल्लेख आम्ही हेतुतः करीत आहोत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका नांदेडला जोडण्यात आला. राजुरा हाही प्रथम नांदेडला व पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. पुनर्रचना भाषेच्या तत्त्वावर झाली आणि ते तत्त्व योग्यच होते. पण नदीची जी दोन तीरे एका जिल्ह्याची होती ती दोन राज्यांची झाली, आणि आदिलाबादेत राहिलेल्या मराठी भाषकांकडे मराठी विद्येचे लक्ष हळूहळू कमी होत गेले.

पशुपक्ष्यांस ही सीमा कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचे आणि चंद्रपूरकडील ताडोबाचे वाघ नदी ओलांडून आदिलाबाद व कागजनगरच्या रानात जातात. १९६५ साली स्थापन झालेल्या कवाल अभयारण्यास २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्यामागे अरण्याची ही सलगता होती. वाघ ज्या सीमा रोज ओलांडतो, त्या सीमेपाशी आपली जिज्ञासा मात्र थांबते.

या काठाचे रूपही गेल्या सत्तर वर्षांत बदलले. कडमचे धरण झाले. पोचमपाड येथील श्रीरामसागर प्रकल्पाची पायाभरणी १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर हिवाळी बदकांस आसरा मिळाला. परंतु नदीसुरय आणि पाणचिरा हे पक्षी अंडी घालतात ती उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर. बेट बुडाले, किंवा अवेळी पाणी सोडले गेले, किंवा वाळू उपसली गेली, तर त्यांचा वंश त्या वर्षी तेथेच संपतो. पाणचिरा जातीचा बराच मोठा थवा आज हिवाळ्यात आढळतो तो गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याच्या समुद्रकाठी. समुद्रकाठच्या सहलीस गेलेल्या माणसास जो पक्षी तेथे दिसतो, त्याचे पाळणाघर आत, नद्यांच्या वाळूत असते, हे त्याने ध्यानात ठेवावयास हवे. काठ एकच आहे. आपण त्याचे एक टोक पाहतो.

नोंदीचे महत्त्व सर्वांत तीव्रतेने पटते ते गिधाडांच्या बाबतीत. एकेकाळी प्रत्येक गावाच्या हाडकीवर बसलेली गिधाडे १९९० नंतर झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांस दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मेलेल्या ढोराचे मांस गिधाडांस विषारी होते, हे २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. तोवर लांब चोचीच्या गिधाडांपैकी शेकडा सत्त्याण्णवांहून अधिक नष्ट झाली होती. अशा काळात, २०१३ साली, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेज्जूरच्या रानात, पेद्दवागू जेथे प्राणहितेस मिळते त्या बाजूच्या पालरापू कड्यावर लांब चोचीच्या गिधाडांची वसाहत आढळली. साऱ्या तेलंगणाला हे वृत्त आश्चर्याचे वाटले. गावोगावची गिधाडे कोणत्या वर्षी दिसेनाशी झाली, असे आज वृद्धांस विचारले तर ते 'पूर्वी होती, मग गेली' एवढेच सांगू शकतात. हजारो डोळ्यांनी जे पाहिले, त्याची वहीत एक ओळ नाही.

७

यावरून आम्ही काढलेला निष्कर्ष साधा आहे. गोदातीरावर पाहणाऱ्यांचे दारिद्र्य कधीच नव्हते. दारिद्र्य होते ते नोंदीचे. कवीने पाहिले आणि प्रतीक केले. लोकांनी पाहिले आणि विधी केला. परकीयाने पाहिले आणि तारीख घातली. पहिल्या दोघांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु हरवलेला पक्षी शोधण्यास उपयोगी पडली ती तारीख आणि ते ग्रामीण नाव. ही दोन्ही एकत्र आणण्याचे काम स्थानिक भाषेच्या अभ्यासकाशिवाय दुसरे कोण करणार?

अशा सामान्य नोंदींतून काय साधते, याचा पुरावा अलीकडचाच आहे. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, तो सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. या नोंदी बहुतेक एका दिवसाच्या, किंबहुना एका सकाळच्या, सहलींतील आहेत. रविवारची सहल म्हणजे वेळेचा अपव्यय मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींस आमची विनंती आहे. आपल्या शाळेची सहल बासरला, कुंटाल्याला, सहस्रकुंडाला किंवा गावच्या तळ्यावर जातच असते. तिच्याबरोबर एक वही जावी. दिनांक, वेळ, स्थळ, पाण्याची स्थिती, पक्ष्यांची संख्या आणि पक्षी काय करीत होता, एवढे रकाने पुरेत. घरट्याजवळ कोणी जाऊ नये आणि ओळखू न आलेल्या पक्ष्यास बळेच नाव देऊ नये. शेवटचा रकाना नावांचा असावा : मराठीत काय म्हणतात, गोंडी व कोलामीत काय म्हणतात, तेलुगूत काय म्हणतात. ती नावे मुलांनी आपल्या आजी-आजोबांस, गुराख्यास, भोयास विचारून, त्यांनी उच्चारली तशीच लिहावीत. शुद्ध करू नयेत. कलिवि कोडी हे नाव कोणी शुद्ध केले असते तर त्यातील करवंद नाहीसे झाले असते.

साहित्यसंस्थांनी या वह्या संग्रही ठेवाव्यात. आपण बखरी, पत्रे आणि शिलालेख जतन करतो, त्याच आस्थेने त्या जपल्या जाव्यात. सीमेवरच्या मराठीचा कैवार घेताना आपण शाळांची आणि ग्रंथालयांची मागणी करतो, ती रास्तच आहे. पण एखाद्या प्रदेशावर भाषेचा हक्क केवळ मागणीने सिद्ध होत नाही. त्या प्रदेशातील झाडापाखरांस नावाने हाक मारता येणे, हाही त्या हक्काचा आधार असतो. पैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठी ती हाक मारणारी वृद्ध माणसे अजून आहेत. ती आहेत तोवर ही वही उघडली गेली पाहिजे.